गॅरेजचं जुनं शटर उतरवायचं आहे, आधी काय बघावं? (पार्ले, मुंबई)

बकुळफूल

नमस्कार मंडळी. घरदुरुस्तीतलं कळणाऱ्यांचा सल्ला हवा आहे.

आमची इमारत पार्ले पूर्वेला, तळमजला अधिक तीन, साठच्या दशकातली. मागच्या बाजूला आमचं बंदिस्त गॅरेज आहे. सासऱ्यांची फियाट होती तोवर ते रोज उघडायचं. गाडी गेली आणि तिथे सायकली, पिंपं, गणपतीची आरास, जुने पलंग असा संसार साठला. आता सासऱ्यांना चालणं जड जातंय. त्यांच्यासाठी बॅटरीवरची तीनचाकी घ्यायची आहे, आणि ती ठेवायला हीच जागा आहे. पण शटर त्यांनाच काय, मलाही उघडत नाही.

शटर साधं, हाताने वर-खाली करायचं. मोटर नाही, गिअर नाही. रुंदी आठ फूट, उंचीही साधारण तेवढीच. खालच्या पट्ट्या गंजून त्यांची चाळण झाली आहे. गेल्या आठवड्यात वर ढकलताना छातीएवढ्या उंचीवर तिरकं होऊन अडकलं. आता वरही जात नाही आणि खालीही येत नाही.

दोघांना दाखवलं. एक म्हणाला, गॅसने कापून अर्ध्या तासात मोकळं करतो, भंगार माझं, मजुरी नको. दुसरा म्हणाला, आधी स्प्रिंगचा ताण उतरवायला लागेल, दोन माणसं आणि परांची लागेल. त्याचे पैसे अर्थातच जास्त. घरात सगळ्यांचा कल पहिल्याकडे आहे. मला दुसऱ्याचं पटतंय, पण घरच्यांना पटवून देण्याइतकी माहिती माझ्याकडे नाही. शटर काढून तिथे दोन झडपांचं लोखंडी दार लावायचा विचार आहे. कुणी हे काम जवळून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

कडीकोयंडा

बकुळफूल, बाकी सगळं नंतर. आज रात्रीच एक गोष्ट करा. अर्ध्यावर अडकलेल्या शटरखालून कुणीही ये-जा करू नये, मुलांना तर तिकडे फिरकूच देऊ नका. खालच्या पट्टीखाली दोन्ही टोकांना मजबूत लाकडी टेकू उभे करा, विटांची चळत नको. आणि त्याच पट्टीच्या लगेच वर, दोन्ही बाजूंच्या गाइडला (पट्ट्या ज्यातून सरकतात ती उभी खाच) एकेक सी-क्लॅम्प (सुतार वापरतात तो स्क्रूचा शिकंजा) घट्ट आवळा. टेकूमुळे शटर खाली येणार नाही, क्लॅम्पमुळे वर जाणार नाही. वर जाण्याचा धोका लोकांच्या लक्षातच येत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. हे करताना हात आणि डोकं पट्टीखाली जाऊ देऊ नका, बाजूला उभं राहून टेकू सरकवा.

उद्या दिवसाउजेडी, शटर ज्यात गुंडाळलं जातं त्या वरच्या पेटीचा पत्रा निघत असेल तर टॉर्च मारून जमिनीवरूनच फोटो काढा आणि इथे टाका. पेटीत हात घालू नका.

हिरवाचाफा

आमच्या सोसायटीत पंपाच्या खोलीचं शटर ग्राइंडरने खालून एकेक पट्टी कापत काढलं होतं. काही झालं नाही. गॅसपेक्षा ते बरं वाटतं. दोन तासांचं काम.

कडीकोयंडा

हिरवाचाफा, काही झालं नाही हे चांगलंच झालं, पण ती पद्धत कुणी उचलू नये म्हणून जरा लांबण लावतो.

हाताने ओढायच्या शटरमध्ये वरती एक जाड पाइप असतो. दोन्ही टोकांना तो भिंतीतल्या ब्रॅकेटवर बसवून यू-क्लॅम्पने आवळलेला असतो. शटर वर-खाली होताना तो पाइप फिरत नाही. फिरतात त्या पाइपवर बसवलेल्या कप्प्या. प्रत्येक कप्पीत चपट्या पोलादी पट्टीची गुंडाळी असते, चावीच्या घड्याळात असते तशीच, फक्त कैक पट जाड. गुंडाळीचं आतलं टोक पाइपला अडकवलेलं, बाहेरचं कप्पीला, आणि शटरची सगळ्यात वरची पट्टी कप्प्यांना बोल्टने जोडलेली. शटर खाली ओढलं की कप्प्या फिरतात आणि स्प्रिंग आवळत जाते. म्हणजे पूर्ण बंद शटर हे सगळ्यात जास्त ताणलेलं असतं. उघडल्यावर ताण कमी होतो, पण शून्य होत नाही, कारण बसवतानाच पाइप पान्याने फिरवून थोडा ताण आधीच भरून ठेवलेला असतो. तो नसेल तर शटर वर गुंडाळून राहणारच नाही.

आता वजन बघा. १ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा एका चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो. आठ बाय आठ फूट म्हणजे जवळजवळ ६ चौरस मीटर. पत्रा १.२ मिलिमीटरचा धरला तर नुसता सपाट पत्राच ५६ किलो होतो. पट्ट्यांच्या कडा एकमेकींत अडकवायला वळवलेल्या असतात, त्याचा पत्रा वेगळा. त्यात खालची जाड पट्टी, पाइप, कप्प्या. सगळं मिळून शंभर किलोच्या आसपास धरून चाला. हे ओझं तुम्हाला एका हाताने उचलता येतं, कारण ते स्प्रिंगांनी तोलून धरलेलं असतं.

खालून पट्ट्या कापत गेलं की एका पारड्यातलं वजन कमी होत जातं आणि दुसऱ्या पारड्यातला ताण तसाच राहतो. अर्धं शटर कापलं की उरलेलं अर्धं झपाट्याने वर ओढलं जातं. कापलेल्या कडा सुरीसारख्या असतात आणि कापणारा वाकून नेमका तिथेच असतो. हिरवाचाफा, तुमच्या पंपखोलीत बहुधा शटर लहान होतं किंवा स्प्रिंगा आधीच मेलेल्या होत्या.

गॅस तर याहून वाईट. ताणलेल्या स्प्रिंगला आच लागली तर ती कधी, कुठे तुटेल त्याचा नेम नाही. वर जुनं ग्रीस, रंगाचे थर, कोळिष्टकं, आणि खाली गॅरेजमधलं सामान. बकुळफूल, तुमच्या त्या आराशीत थर्माकोल आणि कापड असणारच.

उसगावकर

इकडे न्यू जर्सीत गॅरेजचं दार वेगळ्या धाटणीचं असतं. आडव्या चार-पाच फळ्यांचं, बाजूच्या रुळांवरून छताखाली जाणारं. तरी मर्म तेच आहे म्हणून लिहितो. दाराच्या वर आडव्या दांड्यावर पिळाची स्प्रिंग असते. सात फुटी दाराला ती साधारण साडेसात वेढे पिळलेली असते आणि पीळ उतरवताना पाव-पाव वेढ्याने उतरवतात, म्हणजे तीस वेळा दांडी बदलायची. त्यासाठी भोकात चपखल बसणाऱ्या पोलादी दांड्या मिळतात. त्यांच्याऐवजी स्क्रूड्रायव्हर खुपसल्याने माणसांची बोटं आणि दात गेलेत. खालच्या कोपऱ्यातल्या ब्रॅकेटला तारेचा दोर जोडलेला असतो, तोही पूर्ण ताणात असतो. साधा ब्रॅकेट समजून त्याचे स्क्रू काढायचे नाहीत.

आपल्याकडे लोणावळा-अलिबागच्या बंगल्यांत आता हीच दारं बसतायत. पुढे ती जुनी होतील तेव्हा कामाला येईल, म्हणून नोंद करून ठेवतो. मोटर असेल तर आधी वीज बंद, प्लग बाहेर, मग बाकीचं. बटण बंद केलं एवढ्यावर भागत नाही.

बकुळफूल

कडीकोयंडा काका (काकाच म्हणते, चालेल ना?), रात्रीच टेकू लावले. सी-क्लॅम्प शेजारच्या सुतारांनी दिले. आज सकाळी फोटो काढलेत, खाली जोडते आहे.

पेटीचा पत्रा एका बाजूने आधीच सुटला होता, त्यामुळे आतलं दिसलं. तीन कप्प्या आहेत. डावीकडच्या कप्पीतून पट्टीचं एक टोक जिभेसारखं बाहेर आलंय, त्याची कड चकाकतेय आणि बाकी सगळं तपकिरी. खाली फरशीवर बरोबर त्याच्याखाली गंजाची भुकटी पडली आहे. पाइपच्या उजव्या टोकाच्या यू-क्लॅम्पचे नट रंगाखाली बुजलेत, डाव्या टोकाला एकच नट दिसतो, दुसरा नाहीच. गॅरेजचं छप्पर मागच्या भागात सिमेंटच्या पत्र्याचं आहे, पेटीच्या अगदी जवळ.

कडीकोयंडा

काका चालेल, आनंदाने.

फोटो बघून बरंच कळलं. डावीकडची स्प्रिंग तुटली आहे. चकाकणारी कड म्हणजे तूट ताजी आहे, गंज चढायला वेळ मिळालेला नाही. गेल्या आठवड्यात तिरकं होऊन अडकलं ते त्याचमुळे असणार. आता सगळा भार उरलेल्या दोन स्प्रिंगांवर आहे आणि त्यांचंही वय तेवढंच आहे.

पण माझं लक्ष गेलं ते एकाच नटावर टिकलेल्या क्लॅम्पकडे. पाइप फिरू न देण्याचं काम तो क्लॅम्प करतो. तो सुटला तर पाइप उलटा गरगर फिरेल आणि शटरची पूर्ण तोल-व्यवस्था एका क्षणात जाईल. म्हणून त्या नटाला कुणीही हात लावायचा नाही. घट्ट करून बघू म्हणूनसुद्धा नाही.

तुमचा दुसरा फिटर बरोबर सांगतोय. त्यालाच बोलवा. तो काय करतो ते तुम्हाला समजावं म्हणून क्रम लिहितो. हे वाचून कुणी स्वतः पाना हातात घेऊ नये, ही कळकळीची विनंती आहे.

जमलं तर आधी शटर पूर्ण वर नेतात, कारण तिथे ताण सगळ्यात कमी. तुमचं अडकलंय, तेव्हा तो आधी डाव्या गाइडचा चेपलेला ओठ छिन्नीने उघडेल, गंज सोडवणारं तेल मारेल आणि दोघं मिळून दोन्ही बाजू सारख्या धरून वर नेतील. वर गेल्यावर खालच्या पट्टीला परत टेकू. मग परांचीवर दोन माणसं, दोघांकडे मोठा पाइप पाना. एक पाना पाइपला घट्ट धरतो, मगच क्लॅम्प सैल करायचा. आता सगळा ताण त्या पान्याच्या दांड्यावर येतो. तो थोडा फिरू द्यायचा, मग दुसऱ्याने आपला पाना लावून भार घ्यायचा, पहिल्याने सोडून नवी पकड घ्यायची. असं आलटून पालटून ताण संपेपर्यंत. दोघांनीही पान्याच्या फिरण्याच्या रेषेत तोंड किंवा छाती आणायची नाही, बाजूला उभं राहायचं. पाना हाताला हलका लागला, पाइप दोन्हीकडे सहज हलला, की ताण संपला.

इथे दुसरा धोका सुरू होतो. ताण नाही म्हणजे तोलही नाही. आता ते शटर शंभर किलोचं मुकं ओझं आहे. पट्ट्या सरकत असतील तर दोराने धरून सावकाश खाली सोडतात. क्लॅम्प सैल असल्याने पाइपही सोबत फिरतो आणि स्प्रिंग परत आवळली जात नाही. शटर जमिनीवर टेकलं की वरचे बोल्ट काढून कप्प्यांसकट पाइप उतरवायचा. मग एका बाजूचं गाइड काढलं की पट्ट्या एकमेकींतून आडव्या सरकवून सुट्या होतात. गंजाने जाम झाल्या असतील तर आता खुशाल ग्राइंडरने कापा, आता त्यांच्यामागे कुणी ओढणारं नाही. पट्ट्या खाली यायलाच तयार नसतील तर गुंडाळीच्या गुंडाळी साखळी-कप्पीला टांगून उतरवावी लागते. ती कप्पी कशाला टांगणार हे आधी विचारा. सिमेंटच्या पत्र्याखालच्या जुन्या अँगलला टांगू देऊ नका.

समुद्रवारा

मी रंगाच्या धंद्यात होतो. दोन गोष्टी जोडतो.

साठ-सत्तरच्या दशकातल्या लोखंडी कामाला बहुतेक ठिकाणी शेंदरी रंगाचा अस्तर-हात असायचा, आणि त्यात शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम लागू झाला तो १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्यामुळे तुमच्या शटरवरच्या जुन्या थरांत शिसं आहे असंच समजून काम करा. गॅसने कापलं तर ते धुरातून थेट छातीत जातं. ग्राइंडर चालवायचाच असेल तर एन-९५ मास्क हवा, नाकाला रुमाल बांधून उपयोग नाही. घासकाम शक्य तितकं टाळा, खाली जाड प्लास्टिक अंथरा आणि नंतर कोरडी झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्या. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या दिवशी तिथे नकोत.

दुसरं, सिमेंटचे पत्रे. जुने पत्रे म्हणजे ॲस्बेस्टॉस धरूनच चालायचं. अखंड पत्रा आपल्या जागी बसलेला असेल तर तो काही करत नाही. त्याला ड्रिल मारलं, कापलं, वरून लोखंड आपटून तुटला, की त्याचे तंतू हवेत जातात. शटरच्या पेटीचा वरचा भाग पत्र्याला स्क्रूने जोडलेला असेल तर तो स्क्रू जोर लावून उपटू नका. पत्र्याला हात न लावता पेटीच कापून सोडवता येते का ते बघा.

गोदीकामगार

कडीकोयंडा यांनी सगळं नीट लिहिलंय. मी माझगावकडे वर्कशॉपमध्ये उभं आयुष्य काढलं, ओझी उचलण्या-उतरवण्यातच. मला जे सांगायचंय ते माणसांबद्दल आहे.

आपण पैसे वाचवायला नाक्यावरून माणूस आणतो. तो तरुण पोरगा असतो, पायात स्लीपर, हातमोजे नाहीत, डोक्यावर काही नाही. त्याला स्प्रिंगचं काही माहीत नसतं आणि नाही म्हणायची सोय नसते, कारण दिवसाची हजेरी बुडते. घरमालक चहा घेऊन आत जातो आणि तो पोरगा शिडीच्या घोड्यावर चढतो. आमच्या ओळखीतल्या एका दुकानात असंच झालं. क्लॅम्प सोडला, पाइपला पाना नव्हता. पाइपच्या टोकाला निघालेला बोल्ट गर्रकन फिरला आणि त्या मुलाचं मनगट मोडलं. दुकानदाराने दवाखान्याचा खर्च दिला. पण उजवा हात पूर्वीसारखा झाला नाही, आणि हातावर पोट असलेल्या माणसाचा उजवा हात म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको.

म्हणून बकुळफूल ताई, फिटरला बोलावताना विचारा की पाइप पाने किती आणणार, सोबत माणूस कोण, त्याने हे आधी केलंय का. दोन हेल्मेटं आणि दोन जोड चामड्याचे हातमोजे तुम्हीच आणून ठेवा. नागदेवी स्ट्रीटला सगळं मिळतं, अंधेरी-पार्ल्यातल्या हार्डवेअरवाल्याकडेही मिळेल. हेल्मेटवर आयएस २९२५ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला बघून घ्या. चश्मा विसरू नका, गंजाची खपली डोळ्यात गेली की फार त्रास देते. फोनमध्ये १०८ आणि ११२ हाताशी ठेवा. काम दिवसा, पुरेसा वेळ ठेवून सुरू करा. संध्याकाळी अंधार पडताना उरकून टाकू म्हटलं की घाई होते.

सोसायटीसचिव

कागदाची बाजू मी लिहितो, कारण नंतर वाद त्यावरूनच होतात.

आधी गॅरेज नक्की कुणाचं ते कागदावर बघा. मुंबईत या शब्दावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलंय. दहिसरच्या पंचाली सोसायटीच्या खटल्यात ऑगस्ट २०१० मध्ये न्यायालयाने सांगितलं की स्टिल्टखालची (इमारतीच्या खांबांमधली उघडी) पार्किंगची जागा म्हणजे गॅरेज नव्हे, ती सामाईक जागा आहे आणि बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. पुढे २०१६ च्या रेरा या स्थावर मालमत्तेच्या कायद्यात गॅरेजची व्याख्याच दिली आहे, छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली वाहनाची जागा. तुमचं वर्णन त्यात बसतं. तरी करारनामा किंवा वाटपपत्रात त्याचा उल्लेख आहे ना, हे पाहून घ्या.

जागा तुमची असली तरी भिंत आणि वरची बीम इमारतीची आहे. ब्रॅकेट उपटणं, गाइडसाठी भिंत फोडणं, नवीन चौकट बसवणं या सगळ्याला समितीची लेखी परवानगी घ्या. उपविधींप्रमाणे ती लागतेच. अर्जात दोन ओळी जास्त लिहा: भिंतीला हातोडा लावणार नाही, बोल्ट कापून काढणार. इमारत तीस वर्षांच्या वरची असल्याने संरचनात्मक तपासणीचा अहवाल सोसायटीकडे असायला हवा, तो मागून त्या बीमबद्दल काय लिहिलंय ते वाचा. जुन्या इमारतींत ब्रॅकेटचा पाय चुन्याच्या बांधकामात आत खोल पुरलेला असतो आणि खेचायला गेलं की विटांची अख्खी ओळ बाहेर येते.

मीटरची पेटी गॅरेजमध्ये किंवा गाइडला लागून असेल तर तिथल्या वायरी कुठून जातात ते इलेक्ट्रिशियनला दाखवून मगच ग्राइंडर लावा. मीटरच हलवायचा असेल तर ते काम वीज कंपनीचंच, खासगी माणसाकडून करवून घेऊ नका.

हिरवाचाफा

कडीकोयंडा, खालून कापल्यावर शटर वर जातं हे खरंच माहीत नव्हतं. आमच्याच सोसायटीत अजून दोन जुनी शटरं आहेत, हा धागा समितीच्या ग्रुपवर पाठवतोय. एक शंका. गिअरचं मोठं शटर असेल तर? साखळी ओढून वर करायचं.

कडीकोयंडा

हिरवाचाफा, गिअरच्या शटरमध्ये वजन साखळी आणि दातेरी चाकांवर तोललेलं असतं, बऱ्याच ठिकाणी मदतीला स्प्रिंगही असते. आहे की नाही हे खालून कळत नाही, तेव्हा आहे असंच समजा. गिअर सोडवला की शटर सरळ खाली कोसळतं. ते घरगुती कामच नाही. शटर बनवणाऱ्या कारखान्याचा माणूस बोलवा.

बकुळफूल

काम झालं! सगळ्यांचे मनापासून आभार. समितीची परवानगी दोन सह्यांवर मिळाली, सचिवांनी सुचवलेली ओळ अर्जात होती म्हणून कुणी हरकत घेतली नाही.

फिटर आणि त्यांचा भाचा आले, पाइप पाने त्यांच्याकडे होतेच, तिसरा जादा आणला होता. मी गोदीकामगार काकांनी सांगितलेली हेल्मेटं पुढे केली तर फिटर क्षणभर बघत राहिले, मग काही न बोलता भाच्याच्या डोक्यावर आधी घातलं. गाइडचा ओठ उघडायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला. एकनटी क्लॅम्पच्या बाजूला त्यांनी नटाला हात लावण्याआधी पाइप दोन पान्यांनी पकडला आणि त्यातल्या एकाचा दांडा भिंतीला टेकवून ठेवला. नट फिरवताच दांडा भिंतीवर एवढ्या जोरात दाबला गेला की गिलाव्याचा पोपडा खाली आला. मी लांब कंपाउंडजवळ उभी होते, तरी अंगावर काटा आला. घरातले सगळे बघत होते. गॅसवाल्याचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही.

ताण उतरल्यावर पट्ट्या अर्ध्यापर्यंत सरकल्या आणि जाम झाल्या. मग दोर बांधून, खाली टेकू देऊन उरलेल्या ग्राइंडरने कापल्या. सामान आदल्या दिवशीच बाहेर काढलं होतं, पाण्याची बादली आणि वाळू शेजारी ठेवली होती. सिमेंटच्या पत्र्याला धक्का लागला नाही.

आता दोन प्रश्न आहेत. कप्प्यांसकट पाइप गॅरेजमध्ये पडला आहे, भंगारवाला रोज विचारतोय. आणि ब्रॅकेटचे बोल्ट भिंतीच्या सपाटीला कापलेत, त्या जागी काय भरावं? उंबऱ्याचंही सांगा. २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर सासऱ्यांनी तीन इंचांचा उंबरा बांधून घेतला होता, आता तीनचाकीसाठी तो फोडावा का?

गोदीकामगार

ताई, भाच्याच्या डोक्यावर आधी घातलं हे वाचून फार बरं वाटलं.

भंगाराचं असं आहे. पाइपचा ताण उतरला तरी कप्पीच्या आत स्प्रिंगची गुंडाळी कोंडलेली असते. ती उपसून काढायला गेलं की पट्टी फणा काढल्यासारखी उसळते. भंगारवाल्याला कप्प्या तुमच्या दारात फोडू देऊ नका, जाड तारेने स्प्रिंगा कप्पीला आडव्या-उभ्या बांधून पाइपसकट अख्ख्या द्या आणि आत स्प्रिंग आहे हे तोंडाने सांगा. दारूखान्याच्या भंगारबाजारात किंवा कुर्ल्याला माल जातो तिथे पुढे हाताळणाऱ्यालाही ते कळलं पाहिजे, म्हणून पाइपवर खडूने ठळक लिहून ठेवा. पट्ट्यांच्या कापलेल्या कडा एका दिशेला करून मोळी बांधा.

कडीकोयंडा

बकुळफूल, उत्तम झालं. भिंतीतल्या बोल्टची कापलेली तोंडं तशीच बुजवू नका. पार्ल्याच्या हवेत ती आत गंजत राहतात, फुगतात आणि काही वर्षांनी गिलावा फोडून बाहेर येतात. भोवतीचा सैल भाग छिन्नीने हलक्या हाताने काढा, बोल्टचं टोक सपाटीच्या आत अर्धा इंच जाईल असं कापून घ्या, तारेच्या ब्रशने घासा (समुद्रवारांचा मास्क लावूनच), गंजरोधक प्रायमर द्या आणि न आकसणारं ग्राउट (सिमेंटचं पातळ भरण) भरा. पूर्ण सुकल्यावरच रंग. नव्या दाराच्या बिजागऱ्या त्या जुन्या जागेवर घेऊ नका. दोन्ही बाजूंना जमिनीपासून वरपर्यंत उभे लोखंडी खांब घ्या आणि दाराचं वजन त्यांच्यावर ठेवा, भिंतीवर नको.

उंबरा फोडू नका. तो पुरानंतरच बांधला होता, तुम्हीच लिहिलंय. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं सर्वमान्य प्रमाण १ ला १२ आहे, तीनचाकीलाही तेच धरा. तीन इंच उंचीला छत्तीस इंच, म्हणजे बाहेरून तीन फूट लांबीचा उतार, आणि आतूनही तेवढाच. पृष्ठभाग खरखरीत ठेवा, पावसात घसरायला नको. झडपांची खालची कड उंबऱ्याच्या माथ्याच्या वर ठेवा, म्हणजे उघडताना त्या उताराला घासणार नाहीत. आत उघडायच्या तर प्रत्येक झडप चार फुटांची होते, तेवढी जागा तीनचाकी उभी असताना आत उरते का ते जमिनीवर खडूने आखून बघा. नसेल उरत तर घडीच्या चार झडपा करा. वेल्डरला माप देण्याआधी तीनचाकीची लांबी दुकानात जाऊन टेपने मोजून आणा, पत्रकावर छापलेल्या मापात बऱ्याचदा मागची टोपली धरलेली नसते.